हॅनिगन माझ्या कानात काय म्हणाला

पहिला क्वार्टर संपल्याचा भोंगा झाला आणि माझे वडील मैदानात शिरले.

तसं त्यात वावगं काही नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या लहान गावांत सामन्याच्या मधल्या वेळात लोकांनी मैदानात यायचं, आपल्या संघाच्या घोळक्याभोवती उभं राहायचं आणि कोच खेळाडूंना काय शिव्या घालतो ते ऐकायचं, अशी पद्धतच आहे. म्हातारे येतात, कुत्री येतात, बाबागाड्या येतात. पप्पा मात्र आमच्या एल्डरफर्डच्या घोळक्याकडे येत नव्हते. ते ताडताड चालत समोरच्या संघाकडे, सँडी क्रॉसिंगच्या घोळक्याकडे निघाले होते. हातात मिटलेली छत्री होती आणि ती त्यांनी तलवारीसारखी धरली होती.

"शार्डी, तो तुझा बाप ना?" आमचा कोच बॅरी डन बोलता बोलता थांबला.

माझं नाव शार्दूल हेर्लेकर. ते तिथं कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून शार्डी.

"हो," मी म्हणालो आणि धावलो.

मला पोचायला उशीर झाला. घामेजलेल्या, चिखलाने माखलेल्या वीस-बावीस गड्यांना बाजूला सारत पाच फूट चार इंचांचे माझे वडील थेट ग्लेन हॅनिगनसमोर जाऊन उभे राहिले होते. हॅनिगन सहा फूट आठ इंच उंच आणि रुंदीला आमच्या फ्रीजएवढा. पप्पांचं डोकं त्याच्या छातीवरच्या नंबरापर्यंत येत होतं.

"मिस्टर," पप्पा म्हणाले, "तुम्ही मघापासून माझ्या मुलाच्या कानात काय बोलताय?"



हा प्रसंग समजायला थोडं मागचं सांगायला हवं.

पप्पा कोल्हापूरचे. तिथं पेठेपेठेत तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि सामना हरल्यावर लोक आठवडाभर दुसऱ्या पेठेतल्या टपरीवर चहा पीत नाहीत. पप्पा तरुणपणी एका तालमीकडून विंगला खेळायचे. एल्डरफर्डच्या दूध पावडरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते मला आणि आईला घेऊन ऑस्ट्रेलियात आले. इथंही फुटबॉलचं वेड आहे हे ऐकून त्यांना कोण आनंद झाला होता! मग त्यांनी पहिला सामना पाहिला.

"बॉल अंड्यासारखा," घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "मैदान अंड्यासारखं, आणि बॉल हातात घेऊन पळतात. ह्याला फुटबॉल म्हणतात हे लोक! नाद नाही करायचा."

त्या खेळाशी आमच्या घराचा संबंध तिथंच संपला असता. पण मी वाढायला लागलो. चौदाव्या वर्षी पप्पांच्या बरोबरीला आलो, पंधराव्या वर्षी दाराच्या चौकटींना कपाळ आपटायला लागलो आणि सतराव्या वर्षी सहा फूट सात इंचांवर येऊन थांबलो. म्हणजे थांबलो असं आम्हाला वाटत होतं. "गडहिंग्लजच्या मामावर गेलाय," आई सगळ्यांना सांगायची. मामा सहा फुटांचा होता. उरलेले सात इंच कुणाचे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

एकदा सुपरमार्केटमध्ये मी एका आजीबाईंना सगळ्यात वरच्या फळीवरचा खोका काढून देत होतो, टाचा न उचलता. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. तो बॅरी डन होता. त्याचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि गावच्या क्लबाचा तो कोच होता. त्याच संध्याकाळी तो आमच्या घरी आला, आईच्या हातची भजी खाल्ली आणि मला रकमन करून टाकलं.

रकमन म्हणजे काय, ते एवढंच. खेळ सुरू करताना पंच बॉल जमिनीवर जोरात आपटतो, तो उंच उडतो आणि दोन्ही संघांतला एकेक उंच माणूस झेप घेऊन तो आपल्या गड्यांकडे ढकलतो. दिवसभरात हे पुन्हा पुन्हा होतं. म्हणजे संघातल्या सगळ्यांचं पोट त्या एका माणसाच्या हातावर.

"मला उडी कशी मारायची ते कोण शिकवणार?" मी बॅरीला विचारलं होतं.

"तुला कशाला उडी? तू नुसता हात वर कर."

त्याला खरंच तसं वाटत होतं. सरावाला आम्ही पंचवीस जण असायचो आणि त्यातले चोवीस मध्यम उंचीचे. सराव त्या चोवीस जणांचा चालायचा. त्यांचं पळणं, वळणं, किक मारणं. मी एकटा उंच. माझ्यासमोर उडी मारायला कुणीच नसायचं, म्हणून मी बाजूला उभा राहून बॉल गोळा करून द्यायचो. त्यात हाडं इतक्या झपाट्याने वाढत होती की माझे पाय नेमके कुठे संपतात हे मला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच वाटायचं. पळताना मी पडायचो. उभा असतानाही एकदोनदा पडलो.

आणि आता उपांत्य सामना होता, समोर हॅनिगन होता. चौतीस वर्षांचा, अख्ख्या जिल्ह्यात ज्याच्या डोक्यावरून कुणी बॉल नेला नव्हता असा. शिवाय कुंपणाशी, मोटारींच्या रांगेत, क्रेग नावाचा एक माणूस निळं जाकीट घालून उभा होता. तो मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबासाठी पोरं हेरत फिरायचा आणि खास मला बघायला आला होता. "आज त्या हॅनिगनपुढं मान खाली घालू नकोस," बॅरीने मला बजावलं होतं.

मी पहिल्या क्वार्टरभर मान खाली घातली होती. प्रत्येक वेळी हॅनिगन माझ्या आधी आणि माझ्या वर. प्रत्येक वेळी खाली आल्यावर तो माझ्या कानाशी वाकायचा, तोंडावर हात आडवा धरून काहीतरी पुटपुटायचा आणि मी खाली माझ्या बुटांकडे बघायचो. पप्पांनी कुंपणावरून हे सगळं पाहिलं होतं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं होतं. परक्या मुलखात सावळ्या पोराच्या कानात गोरा माणूस काय बोलत असणार?

तर पप्पा छत्री घेऊन उभे होते आणि सँडी क्रॉसिंगचा सगळा संघ हॅनिगनकडे बघत होता. त्यांचा कोचही.

हॅनिगनचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. त्याने एकदा आपल्या कोचकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हवामानाबद्दल," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"हवामानाबद्दल बोलत होतो, सर. वारा... वारा पश्चिमेचा आहे."

पप्पा माझ्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "शार्दूल, खरं सांग. घाबरू नकोस. हा तुला शिव्या देतोय ना? रंगावरनं काय बोलला?"

"नाही हो पप्पा. हवामानाबद्दलच बोलत होता."

"क्वार्टरभर?"

"वारा फार आहे," मी म्हणालो.

पप्पांचा विश्वास बसला नाही, पण दोन साक्षीदार एकच सांगत होते. त्यांनी हॅनिगनकडे छत्री रोखली. "माझं लक्ष आहे," असं इंग्रजीत सांगितलं आणि ते परत गेले. जाताना त्या बावीस जणांनी त्यांना अदबीने वाट करून दिली.

खरं काय ते मी तेव्हा सांगू शकत नव्हतो, आणि हॅनिगन तर त्याहून नाही.

पहिल्या उडीनंतर तो माझ्या कानात म्हणाला होता, "दोन्ही पायांवर उभा राहून उडतोस. डावा पाय टाक, उजवा गुडघा वर घे."

मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या वेळी म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? मी काही सुंदर नाही. बॉलकडे बघ." तिसऱ्या वेळी, "डावा पाय, डावा!" म्हणून मी बुटांकडे बघत होतो. डावा कुठला ते शोधत होतो.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो शिकवतच राहिला आणि हरवतही राहिला. त्याने माझ्यासाठी एक बॉल सोडला नाही. ढकलायचा, खांदा मारायचा, एकदा तर मी चिखलात तोंडावर पडलो. वरून त्याचा आवाज आला, "लवकर उडलास. थांबायला शीक. बॉल वर चढताना उडायचं नाही, तो खाली यायला लागला की."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकदा मी थांबलो. बॉल वर गेला, अंगातलं सगळं उडी मार म्हणत असताना मी थांबलो, बॉल वर क्षणभर टेकल्यासारखा झाला, आणि मी डावा पाय टाकला. मला आठवतं ते एवढंच, की मैदान एकदम खाली गेलं. उजवीकडे हॅनिगनचं टक्कल दिसलं, वरून. माझा हात बॉलला लागला आणि आमच्या एका गड्याने तो झेलून पळ काढला.

"हां! असं!" हॅनिगन ओरडला. "शाब्बास पोरा, असं!"

त्याचा कोच कुंपणापलीकडून किंचाळला, "ग्लेन! तू कुणाकडून खेळतोयस?"

सामना आम्ही हरलो. त्या एका उडीने हरणं काही टळणार नव्हतं.

सामना संपल्यावर क्रेग आमच्या गाडीपाशी आला. सोबत बॅरी होता. आई क्लबाच्या कँटीनमध्ये मदत करायची, ती तिथून ॲप्रनवरच आली, कारण बातमी तिथं आधी पोचली होती.

"मुलगा आम्हाला हवाय," क्रेग पप्पांना म्हणाला. "शाळा संपली की मेलबर्नला पाठवा. दोन वर्षांचा करार देऊ."

एल्डरफर्डमधली सगळी पोरं रात्री ह्याच वाक्याची स्वप्नं बघायची.

पप्पांनी शांतपणे विचारलं, "आज तर तो दिवसभर हरला. तुम्हाला त्याच्यात काय दिसलं?"

"उंची," क्रेग हसला. "बाकी सगळं शिकवता येतं हो. उंची शिकवता येत नाही."

"बरोबर. मग ते बाकी सगळं तुमच्याकडे कोण शिकवतं?"

क्रेग जरा अडखळला. "आमच्याकडे आठ कोच आहेत."

"उंच मुलांना कोण?"

"आठवड्यातून एकदा एक जण यायचा. सध्या ती जागा रिकामी आहे."

"आणि दोन वर्षांत जमलं नाही तर?"

"दोन वर्षांत कळतंच की," क्रेग म्हणाला.

"नाही कळत," मागून आवाज आला. हॅनिगन बॅग खांद्याला लावून त्याच्या गाडीकडे चालला होता. तो थांबला. "मला नव्हतं कळलं."

"तू मध्ये पडू नकोस, ग्लेन," बॅरी म्हणाला.

पण पप्पांनी त्याला हाताने जवळ बोलावलं. मघाचं हवामान त्यांच्या डोक्यातून गेलं नसावं. "बोला," ते म्हणाले.

"मी अठराचा असताना मलाही असंच नेलं होतं," हॅनिगन म्हणाला. "क्लब दुसरा होता, पण बोलणं हेच. पहिलं वर्ष पाठ दुखत होती, दुसरं वर्ष गुडघे. आमच्यासारख्या उंचांची हाडं जागेवर यायलाच वेळ लागतो. तिथं जे तयार रकमन होते, ते माझ्यासारख्याला मैदानावर आडवं करायचे आणि बाहेर आल्यावर चहासुद्धा पाजायचे नाहीत. दोन वर्षं बाकावर बसलो. मग म्हणाले, जा. सहा वर्षांनी इथल्याच एका सामन्यात उडी मारली आणि एकदम कळलं, अरे, हे असं असतं होय! तोवर मी बालवाडीत शिकवायला लागलो होतो."

"कशात?" आईने विचारलं.

"बालवाडीत. अजून तिथंच आहे."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढं पाहायला वेळ लागला.

क्रेग म्हणाला, "सगळ्यांचं तसं होत नाही." पण ते त्याने आधीइतक्या जोरात म्हटलं नाही.

"आणि तू," बॅरी हॅनिगनवर घसरला, "तू माझ्या पोराला सामन्यात शिकवत होतास?"

"तू शिकवत नव्हतास म्हणून."

"मी कधी शिकवू?" बॅरीचा आवाज चढला. "मला दर शनिवारी जिंकायला लागतं. दोन सामने लागोपाठ हरलो की माणसं दुकानात येऊन मला सांगतात कसं खेळवायचं. हा तयार होईपर्यंत मी कोच तरी असेन का?"

तो खरं तेच बोलत होता. मला पहिल्यांदा त्याची कीव आली.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते निकाल देणार. पण ते म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे, शार्दूल? जायचं तर जा. मी अडवणार नाही."

मला जायचं होतं. पण डोळ्यांसमोर ते टक्कल सारखं येत होतं, वरून पाहिलेलं. ते मला पुन्हा बघायचं होतं, आणि कसं बघायचं हे त्या निळ्या जाकिटामागच्या क्लबात कुणालाच माहीत नव्हतं.

"मला आधी उडी शिकायची आहे," मी म्हणालो.

क्रेगने खांदे उडवले. "अशी संधी परत येईलच असं नाही," तो म्हणाला. तेही खरंच होतं. त्याच्या क्लबाने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर दर बुधवारी शाळा सुटली की पप्पा मला गाडीतून सँडी क्रॉसिंगला न्यायचे. बालवाडीतली पोरं घरी गेलेली असायची. मागच्या अंगणातल्या झाडाला हॅनिगनने दोरीने बॉल टांगला होता. आम्ही दोघे त्याखाली उड्या मारायचो, धडकायचो, घसरगुंडीवर आपटायचो. पप्पा एका लाल चिमुकल्या खुर्चीत बसून बघायचे. त्या खुर्चीत इतका व्यवस्थित मावलेला मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. महिन्याभरात ते हॅनिगनला सूचनाही करायला लागले. "ग्लेन, त्याला वळू द्या आधी. आमच्या तालमीत वस्ताद असंच सांगायचे." हॅनिगन त्यांचं ऐकून घ्यायचा. "येस, सर," म्हणायचा.

गावात लोक बोलायचे ते बोलायचेच. शत्रूकडे शिकायला जातो म्हणजे काय? कँटीनमध्ये एकाने आईला तोंडावर विचारलं. आईने त्याच्या हातात सॉस घातलेली खिम्याची पेस्ट्री ठेवली आणि म्हणाली, "मग तुम्ही शिकवा. गुरुवार रिकामा आहे त्याचा." तो गुरुवारी आला नाही.

पुढचं अख्खं वर्ष मी वाईट खेळलो. अजून एक इंच वाढलो आणि सगळं पुन्हा शिकावं लागलं. बॅरीला क्लबाने काढलं. नवा कोच आला, त्याने मला बाकावर बसवलं. शाळेतली माझ्याबरोबरची दोन मध्यम उंचीची पोरं तेवढ्यात मेलबर्नला गेली आणि टीव्हीवर दिसायला लागली. त्या दिवसांत मला क्रेगचं निळं जाकीट फार आठवायचं. एका बुधवारी मी गाडीत बसायलाच तयार नव्हतो. पप्पांनी इंजिन सुरू करून हॉर्न वाजवला आणि म्हणाले, "चल. ग्लेनने केक आणलाय, आज त्याचा वाढदिवस आहे." वाढदिवस नव्हता. केकही नव्हता. पण गेलो खरा.

पुढे बाविसाव्या वर्षी मला मेलबर्नच्या एका दुसऱ्या क्लबाने बोलावलं आणि मी तिथं बरीच वर्षं खेळलो. फार नाव झालं असं नाही, पण बाकावर मी फारसा बसलो नाही. मला सांगायचा आहे तो मात्र त्याच्या आधीचा, एकोणिसाव्या वर्षीचा अंतिम सामना. एल्डरफर्ड आणि सँडी क्रॉसिंग. कुंपणाशी एकही जाकीटवाला नव्हता.

त्या दिवशी पहिल्या उडीपासून मला कळलं. मी थांबत होतो आणि बॉल माझ्याकडे येत होता. हॅनिगनने सगळं करून पाहिलं. खांदा मारला, पाठ टेकवली, माझ्या बुटावर बूट ठेवला. कानात मात्र एक अक्षर बोलला नाही. एकदा मीच म्हणालो, "ग्लेन, वारा पश्चिमेचा आहे." त्याने मला कोपराने असं ढोसलं की बरगडी आठवडाभर दुखली.

आम्ही जिंकलो. भोंगा झाला, मोटारींचे हॉर्न वाजले, लोक मैदानात घुसले. हॅनिगन मधोमध बसला होता, पाय पसरून, चिखलात. मला वाटलं गुडघा गेला. मी धावत गेलो, मागून पप्पा आले.

"लागलं का?"

"नाही."

मी हात पुढे केला. त्याने तो धरला, पण उठला नाही.

"माझ्यासमोर उभं राहायला कधी कुणी नव्हतंच," तो म्हणाला. "सोळा वर्षं ह्या जिल्ह्यात मी एकटाच उड्या मारतोय. नुसतं जिंकायचं, जिंकायचं. कंटाळा आला होता रे. थांबावंसं वाटायचं, पण कुणी हरवल्याशिवाय थांबायचं तरी कसं? म्हटलं, आपणच तयार करावा एक."

पप्पांनी छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली. पाऊस नव्हता.

"ऊठ आता, ग्लेन," मी म्हणालो. "सगळे बघतायत."

"थांब जरा," तो मान मागे टाकून माझ्याकडे बघत म्हणाला. "मला कुणाकडे असं खालून बघायची सवय नाही. बरा दिसतोस."